बुटारोची भिंत: एका वास्तुरचना संस्थेची जडणघडण

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात तुगेला फेरी नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या ग्रामीण रुग्णालयात २००५ आणि २००६ साली डॉक्टरांना ५३ रुग्ण असे सापडले, की त्यांच्या क्षयरोगावर हाताशी असलेलं जवळपास कुठलंच औषध चालत नव्हतं. त्यांतले ५२ दगावले. निम्मे तर थुंकीचा नमुना घेतल्यापासून साधारण १६ दिवसांत गेले. त्यांच्यापैकी ज्यांची एचआयव्ही तपासणी झाली होती, ते सगळे बाधित निघाले.

औषधांना दाद न देणारा क्षयरोग सहसा अर्धवट उपचारांतून तयार होतो, असं तोवर मानलं जाई. पण या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी पूर्वी कधीच टीबीची गोळी घेतलेली नव्हती. म्हणजे हा जंतू त्यांच्या शरीरात घडला नव्हता, दुसऱ्या कुणाकडून तयार होऊन आला होता. आणि या रुग्णांपैकी दोन तृतीयांश लोक त्याआधीच्या काळात कुठल्या ना कुठल्या कारणाने रुग्णालयात दाखल झालेले होते.

मला या आकड्यांत एक इमारत दिसते. खोकणारा माणूस आणि पाय मोडलेला माणूस एकाच बाकावर नंबर लागण्याची वाट बघत बसलेत. दोन्हीकडे खोल्या, मधे कोंदट कॉरिडॉर, खिडकी नाही किंवा असून बंद. क्षयरोगाचे कण हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. तिथे हवा हललीच नाही, तर पाय बरा करायला आलेला माणूस टीबी घेऊन घरी जातो. नकाशावर कॉरिडॉरच्या त्या दोन समांतर रेघा ओढणाऱ्याच्या मनात हे कधी आलंही नसेल.

मास डिझाइन ग्रुप या वास्तुरचना संस्थेची गोष्ट या कॉरिडॉरपासून सुरू होते. समाजाभिमुख वास्तुरचनेविषयी बोलताना लोक बहुधा मूल्यांपासून सुरुवात करतात आणि मग त्यांत बसणाऱ्या इमारती शोधतात. मास डिझाइन ग्रुपच्या बाबतीत क्रम उलटा आहे, आणि म्हणून हे प्रकरण मला तपशिलात मांडावंसं वाटतं. या मंडळींकडे आधी फक्त एक प्रश्न होता. मूल्यं पुढे रवांडातल्या एका डोंगरावर, काम करता करता, इतर लोकांनी त्यांना शिकवली.

प्रश्न

डॉ. पॉल फार्मर हे पार्टनर्स इन हेल्थ या संस्थेचे एक संस्थापक. १९८७ साली स्थापन झालेल्या या संस्थेने हैतीच्या ग्रामीण भागात काम उभं केलं होतं. गरिबाला मिळणारी आरोग्यसेवा कमी दर्जाचीच असणार, हे गृहीतच त्यांना मान्य नव्हतं. एका संध्याकाळी त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात व्याख्यान दिलं. ऐकणाऱ्यांत मायकेल मर्फी हा आर्किटेक्चरचा विद्यार्थी होता. परीक्षेच्या दिवसांतली जागरणाची रात्र सोडून तो तिथे आला होता. फार्मर सांगत होते की इमारतीच माणसांना आजारी पाडताहेत, आणि उदाहरण देत होते दक्षिण आफ्रिकेतल्या अशाच एका कॉरिडॉरचं. व्याख्यानानंतर मर्फीने त्यांना गाठून विचारलं, की तुम्ही दवाखाने, शाळा, घरं बांधता, तर कुठल्या आर्किटेक्टबरोबर काम करता? उत्तराचा मथितार्थ असा होता, की तसं कुणी नाहीच.

पुढच्या उन्हाळी सुट्टीत मर्फी रवांडात पोहोचला, पार्टनर्स इन हेल्थचं काम तिथेही चालू होतं. पाठोपाठ अॅलन रिक्स आणि इतर काही सहाध्यायी या कामात आले. शिक्षण अजून पुरं व्हायचं होतं, नावावर एकही उभी इमारत नव्हती.

मर्फीने एका जाहीर भाषणात आपल्या वडिलांची आठवण सांगितली आहे. वडील पोकिप्सी या गावातलं जुनं घर दर शनिवार-रविवारी स्वतःच्या हाताने दुरुस्त करत. त्यांना कर्करोग झाला, डॉक्टरांनी मोजक्या आठवड्यांची मुदत दिली, मुलगा परदेशातून घरी परतला. करण्यासारखं दुसरं काही सुचेना, म्हणून त्याने वडिलांबरोबर घराचं काम पुढे चालू ठेवलं. दीड वर्षाने आजार ओसरला. या घराच्या कामाने मला वाचवलं, असं वडील म्हणाले. एका घराच्या दुरुस्तीने कर्करोग बरा होतो, असं कुणी समजू नये. मर्फीही तसं म्हणत नाही. पण बांधण्याची क्रिया माणसाला उभं करते, हे त्याने घरात पाहिलं होतं. रवांडातल्या बुटारो गावात जे पुढे घडलं ते ओळखायला ही नजर उपयोगी पडली असावी.

बुरेरा जिल्हा

रवांडाच्या उत्तरेला, युगांडाच्या सीमेला लागून बुरेरा जिल्हा आहे. विरुंगा ज्वालामुखींच्या रांगा, दोन जुळी तळी, आणि उतारांवर अगदी माथ्यापर्यंत केलेली शेती. २००८ च्या सुमारास या जिल्ह्यात ३,४०,००० हून अधिक लोक राहत होते आणि त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालय नव्हतं, एकही डॉक्टर नव्हता. १९९४ च्या वंशसंहाराला तेव्हा १४ वर्षं झाली होती. सुमारे १०० दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेलेला हा देश. आरोग्ययंत्रणा त्यानंतर जवळपास पायापासून उभारावी लागली होती.

रवांडाच्या आरोग्य मंत्रालयाने आणि पार्टनर्स इन हेल्थने मिळून बुटारो इथे सुमारे १५० खाटांचं रुग्णालय बांधायचं ठरवलं, आणि त्याच्या रचनेचं काम या विद्यार्थ्यांकडे आलं.

एरवी आपण अशा बातमीवर आधी संशय घ्यावा. अमेरिकेतल्या श्रीमंत विद्यापीठातली तरुण मुलं, आफ्रिकेतला गरीब जिल्हा आणि चांगला हेतू, या तिघांच्या बेरजेतून जगात बऱ्याच निरुपयोगी इमारती उभ्या राहिल्या आहेत. इथे वेगळं काय झालं, याचं माझ्या दृष्टीने पहिलं कारण साधं आहे. या मुलांनी इमारतीचं चित्र काढण्याआधी डॉक्टर, परिचारिका आणि संसर्गतज्ज्ञ यांच्याकडून आजार समजून घेतला. त्यांच्यापुढचा प्रश्न 'रुग्णालय कसं दिसावं' हा नव्हता, 'इथली हवा कुठून कुठे जाईल' हा होता.

हवेचा नकाशा

क्षयरोगासारख्या हवेतून पसरणाऱ्या आजारात एक माप महत्त्वाचं असतं: खोलीतली सगळी हवा तासाभरात किती वेळा बदलते. अशा रुग्णांच्या खोलीसाठी तासाला १२ बदल हा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक आकडा. श्रीमंत देशांत हे काम यंत्रं करतात. हवा खेचणारे मोठे पंखे, नळ्या, गाळण्या, आणि त्यांची निगा राखणारे तंत्रज्ञ. बुटारोत अशी यंत्रं बसवली असती तर पहिल्या मोठ्या बिघाडाला ती बंद पडली असती आणि खोल्या मात्र कायमच्या बंदिस्त राहिल्या असत्या.

पेरूच्या राजधानीत, लिमाला, आठ रुग्णालयांत केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला होता. खिडक्या-दारं उघडी ठेवलेल्या खोल्यांत हवेचे बदल तासाला साधारण २८ निघाले, तर यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांत १२. आणखी बोलका आकडा पुढचा आहे. १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत हे प्रमाण ४० पर्यंत गेलं, आणि १९७० नंतरच्या बुटक्या छताच्या इमारतींत १७ वर आलं. म्हणजे मधल्या काळात आपण रुग्णालयं आधुनिक केली आणि त्यांचा श्वास कोंडला.

बुटारोच्या रचनेतला सगळ्यात मोठा निर्णय यातूनच आला. मधला कॉरिडॉर काढून टाकला. ये-जा इमारतीच्या बाहेरच्या अंगाने, उघड्या व्हरांड्यांतून. वाट बघणारे रुग्ण आणि नातेवाईकही उघड्यावर, छपराखाली. हा भाग विषुववृत्ताजवळचा असला तरी उंचावर असल्याने हवा सौम्य आहे, म्हणून हे तिथे शक्य होतं. रुग्णालयाच्या खर्चात कॉरिडॉरच्या बंदिस्त क्षेत्रफळाचा वाटा काही थोडका नसतो. तो वाचला तर वाचलाच, पण संसर्गाची मुख्य वाटच नाहीशी झाली.

दुसरा निर्णय वॉर्डातल्या खाटांचा. एकोणिसाव्या शतकात फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या आग्रहातून जो लांबट वॉर्ड रूढ झाला, त्यात दोन्ही भिंतींना खिडक्या आणि खिडक्यांना डोकं करून खाटांच्या दोन रांगा असत. हवा छान खेळे, पण रुग्णाच्या नजरेसमोर दिवसभर कोण? समोरचा रुग्ण. बुटारोत ही मांडणी आतली बाहेर केली आहे. वॉर्डाच्या मधोमध एक बुटकी भिंत, तिला डोकं टेकवून दोन्ही बाजूंना खाटा. त्यामुळे प्रत्येक रुग्णाचं तोंड खिडकीकडे, आणि खिडकीबाहेर डोंगरउतार. खिडक्यांखाली मोकळी वाट राहते आणि त्यांची उघडझाप करायला कुणाच्या डोक्यावरून हात घालावा लागत नाही.

वर उंच तिरकं छत आणि झडपांच्या खिडक्या, म्हणजे गरम हवा वर चढून निघून जाते. छताला २४ फूट व्यासाचे, अगदी संथ फिरणारे पंखे. भिंतीच्या वरच्या भागात अतिनील किरणांचे दिवे. पंखा हवा वर ढकलतो, वर ती या किरणांतून जाते आणि जंतू निकामी होतात. जमीन अखंड, सांधे नसलेली, धुवायला सोपी.

या मांडणीत उपायांचे थर आहेत, आणि मला त्यातलं शहाणपण महत्त्वाचं वाटतं. वीज गेली तर पंखे आणि दिवे थांबतात, खिडक्या थांबत नाहीत. उलट उंचावरच्या गावात रात्री गारठा पडतो, आणि गारठ्यात माणूस आधी खिडकी लावून घेतो. नैसर्गिक वायुवीजनाची ही जगभरची दुखरी बाजू आहे. तेव्हा पंखा आणि दिवा उपयोगी पडतात. अडाणी साधेपणाही नको आणि यंत्रावर आंधळी भिस्तही नको, असा हा विचार आहे. 'स्थानिक' आणि 'नैसर्गिक' या शब्दांच्या प्रेमात पडलेल्या आपल्या व्यवसायातल्या लोकांनी तो नीट पाहावा असं मला वाटतं.

निझेये आणि डोंगर

इथपर्यंतची गोष्ट चांगल्या रचनेची आहे. मूल्यांची गोष्ट खोदाईपासून सुरू होते, आणि तिचा नायक आर्किटेक्ट नाही. पार्टनर्स इन हेल्थसाठी रवांडात बांधकामं पाहणारे अभियंते ब्रूस निझेये हे ते नाव.

डोंगरमाथा सपाट करायचा होता. सरळ मार्ग बुलडोझरचा. निझेये यांनी उबुदेहेचा मार्ग धरला. हा किन्यारवांडा भाषेतला शब्द. गावाच्या कामासाठी गावाने एकत्र राबण्याची ही जुनी रीत. सावड किंवा इर्जिक म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं, त्याच्या जवळची. शेकडो माणसं कुदळी-फावडी घेऊन आली आणि त्यांनी डोंगर हाताने उतरवला. मर्फीने सांगितल्याप्रमाणे हे काम बुलडोझरच्या निम्म्या वेळात आणि निम्म्या खर्चात झालं.

खर्चाच्या तुलनेपेक्षा पैसा गेला कुठे, हे पाहायला हवं. रवांडाला समुद्रकिनारा नाही. बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू मोंबासा किंवा दार-ए-सलामच्या बंदरातून शेकडो मैल ट्रकने येते. यंत्राचं भाडं, त्याचं इंधन, त्याचे सुटे भाग, यांवर खर्च झालेला पैसा जिल्ह्यात शिरतो आणि त्याच रस्त्याने बाहेर पडतो. हजेरीपटावरच्या माणसाला दिलेली मजुरी गावात फिरते. एकच रक्कम, एकच खड्डा, परिणाम अगदी निराळे. वास्तुरचनेच्या शिक्षणात आपल्याला साहित्याची किंमत शिकवतात, तिची वाट शिकवत नाहीत.

खुर्च्या-टेबलं बाहेरून मागवायची नाहीत, असंही ठरलं. निझेये यांनी कुशल सुतार आणले, त्यांच्या हाताखाली शिकाऊ बसवले, आणि फर्निचर तिथेच झालं. त्यांचा आणखी एक आग्रह होता: कामावर सगळ्या पार्श्वभूमींची माणसं हवीत, आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. वंशसंहाराला १५ वर्षं होत होती. त्या काळात एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना असलेल्या घरांतली माणसं इथे एकाच घमेल्याला हात लावत असतील, हे वेगळं सांगायची गरज नाही. समेटावर शंभर सभा घेता येतील, पण समेट प्रत्यक्ष रुजायला दोन माणसांनी मिळून उचलायचा एखादा जड दगड लागतो.

रुग्णालय पूर्ण होईपर्यंत सुमारे ४,००० लोकांनी तिथे काम केलं आणि काही ना काही कौशल्य उचललं.

दगड

विरुंगाच्या परिसरात काळसर, सच्छिद्र ज्वालामुखी दगड जिकडे तिकडे पडलेला असतो. शेतकऱ्याला तो नकोसा. नांगरताना, खणताना आडवा येतो, म्हणून वेचून बांधाला किंवा रस्त्याकडेला रचून ठेवायचा. पायाच्या भरावात किंवा कुंपणाला वापरत, पण 'चांगल्या' इमारतीच्या दर्शनी भागात त्याला कुणी उभं करत नसे. मास डिझाइन ग्रुपने रुग्णालयाच्या भिंतींसाठी हाच दगड घेतला.

अनघड दगडाची भिंत सगळ्यांना येते. दगडाला दगड असा भिडवायचा की बाहेरून चुन्याचा किंवा सिमेंटचा सांधा दिसूच नये, हे काम वेगळं. मसाला आत असतो, दर्शनी बाजूला फक्त दगड. प्रत्येक दगड शेजाऱ्याचा कोन बघून छिन्नीने घडवावा लागतो. बुटारोच्या गवंड्यांनी एका कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि इमारतीला वळसा घालत घालत ते पुढे गेले. हात बसत गेला. सगळा वळसा पुरा होऊन ते पुन्हा पहिल्या कोपऱ्याशी आले, तेव्हा त्यांना आपलं पहिलं काम बघवेना. त्यांनी विचारलं: ही पहिली भिंत आम्ही पाडून पुन्हा बांधू का?

या प्रसंगापाशी मी दर वेळी थांबतो. मजुराने आपणहून काम पाडून पुन्हा करायला मागणं, हे बांधकामाच्या जागेवर जवळजवळ अशक्य असतं, आणि त्याचं कारण मजुराच्या वृत्तीत नसून कंत्राटाच्या कागदात असतं. घनमीटरच्या दराने पैसे मिळणाऱ्या माणसाला सुधारणा परवडत नाही. ठरलेल्या एकरकमी ठेक्यात मुकादमाला ती परवडत नाही. तारखेच्या दंडाखाली दबलेल्या ठेकेदाराला ती ऐकूही येत नाही. म्हणजे 'आम्ही कारागिराचा सन्मान करतो' हे वाक्य निविदेच्या कलमांत उतरलं नाही, तर जागेवर त्याला काही अर्थ राहत नाही. बुटारोत शिकणं हे कामाचाच भाग मानलं होतं, म्हणून त्या गवंड्यांना तो प्रश्न विचारावासा वाटला. त्यांच्यापैकी काही जण, स्त्रियाही, पुढे उस्ताद म्हणून इतर कामांवर गेले. ज्या दगडाला परिसरात किंमत नव्हती, त्याला या कामाने प्रतिष्ठा मिळाली.

जानेवारी २०११ मध्ये रुग्णालय सुरू झालं.

संस्था कशी झाली

मास हे नाव इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून घेतलेलं आहे. अर्थ साधारण 'समाजाची सेवा करणाऱ्या वास्तुरचनेचा नमुना' असा. संस्थेची सुरुवात २००८ ची मानतात, म्हणजे रुग्णालय आणि संस्था एकमेकांबरोबर वाढत गेले. निझेये यांच्या कामाच्या पद्धतीला या मंडळींनी नंतर एक नाव दिलं, 'लो-फॅब', म्हणजे स्थानिक घडण. त्याचे नियम चार: माणसं गावातली घ्या, साहित्य परिसरातलं घ्या, जमेल तिथे शिकवा, आणि रचनेच्या प्रत्येक निर्णयात तिथल्या लोकांच्या सन्मानात भर घालायची संधी बघा. वास्तुरचना कधीच तटस्थ नसते, ती एक तर बरं करते नाहीतर इजा करते, हे त्यांचं ब्रीदही याच अनुभवातलं. तुगेला फेरीचा कॉरिडॉर आठवला की यात अतिशयोक्ती वाटत नाही.

संस्थेने ना-नफा स्वरूप घेतलं, आणि याचं कारण व्यवसायातल्या माणसाला लगेच समजेल. आर्किटेक्टचं शुल्क बऱ्याचदा बांधकामखर्चाच्या टक्केवारीत असतं. इमारत महाग झाली की त्याची कमाई वाढते, कॉरिडॉर गाळून क्षेत्रफळ वाचवलं की कमी होते. शिवाय शुल्क सुरू होतं ते ग्राहकाकडे पैसे आल्यावर. पण गरीब जिल्ह्याला आर्किटेक्टची खरी गरज त्याच्या आधी असते. काय बांधायचं, बांधायचंच का, पैसा कुणाकडे मागायचा, हे ठरवताना. आणि नंतरही असते. इमारत वापरात आल्यावर संसर्ग कमी झाला का, डॉक्टर टिकले का, हे कुणी मोजायचं? या पुढच्या-मागच्या कामाला टक्केवारीत जागाच नाही. देणग्या आणि अनुदानं घेऊ शकणारी संस्था ती जागा भरू शकते. या मार्गाचा धोकाही उघड आहे. देणगीदाराची आवड बदलली की काम अडतं, आणि देणगीदाराला सुंदर छायाचित्रं आवडतात.

डॉक्टर टिकण्याचा प्रश्न बुटारोत लगेच आला. रुग्णालय उत्तम, पण डोंगरावरच्या गावात डॉक्टर राहणार कुठे? २०१२ साली जवळच्या उतारावर दाबलेल्या मातीच्या विटांची डॉक्टरांची घरं बांधली गेली. त्याच वर्षी बुटारोत कर्करोग केंद्र सुरू झालं, आणि पुढच्या वर्षी दिवसभराच्या उपचारांसाठी वेगळी इमारत. ग्रामीण आफ्रिकेत कर्करोगाचे उपचार होऊच शकत नाहीत, असं त्या वेळी गांभीर्याने म्हटलं जाई. केमोथेरपीने प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाला स्वच्छ हवेची गरज कुणाहीपेक्षा जास्त असते. टीबी समोर ठेवून घेतलेला निर्णय कर्करोगाच्या रुग्णांच्याही कामी आला.

आणखी एक प्रश्न

बाहेरून आलेल्यांनी किती काळ नकाशे काढत राहावं? हा प्रश्न टाळून या संस्थेचं कौतुक करणं अप्रामाणिक ठरेल. बुटारोचं काम सुरू झालं तेव्हा रवांडात वास्तुरचना शिकवणारं विद्यालयच नव्हतं. किगालीच्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत तो विभाग २००९ साली निघाला. क्रिस्तियन बेनिमाना हे रवांडाचे. त्यांना आर्किटेक्ट व्हायचं होतं म्हणून थेट शांघायला जाऊन, चिनी शिकून तोंजी विद्यापीठात शिकावं लागलं. स्वतःच्या देशात घर कसं बांधावं हे शिकायला माणसाला एवढं दूर जावं लागतं, यात पुष्कळ काही आलं. तेच बेनिमाना पुढे मास डिझाइन ग्रुपमध्ये आले आणि किगालीच्या कार्यालयाचं नेतृत्व करू लागले.

त्यांच्या पुढाकारातून आफ्रिकन डिझाइन सेंटर उभं राहिलं. निरनिराळ्या देशांतल्या तरुण पदवीधरांनी सुमारे वीस महिने एकत्र काम करायचं आणि एक खरी इमारत गावाबरोबर पूर्ण करायची. रवांडातल्या रुहेहे इथली प्राथमिक शाळा त्यांनी अशी पूर्ण केली, तीही ज्वालामुखी दगडाचीच. पाहुण्याच्या कामाचं माप त्याच्या इमारतींवरून घेऊ नये, त्याच्या जागी कोण उभं राहिलं यावरून घ्यावं, असं मला वाटतं. किगालीचं कार्यालय त्या मापाने बरंच पुढे आलं आहे.

हीच पद्धत इतरत्र चालते का, याची परीक्षा हैतीत झाली. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथे पटकीची साथ आली आणि उपचार बहुतेक ठिकाणी तंबूंत होत होते. पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये २०१५ साली उभ्या राहिलेल्या कायमस्वरूपी पटकी केंद्रात रुग्णांचं दूषित सांडपाणी जागेवरच शुद्ध करण्याची सोय केली, कारण ते तसंच शहरात गेलं असतं तर रुग्णालयानेच साथ पसरवली असती. दर्शनी भागाचे सच्छिद्र पत्रे तिथल्या धातुकारागिरांनी हाताने घडवले. दगड नव्हता, पत्रा होता. टीबी नव्हता, पटकी होती. विचाराची वाट तीच. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात २०१८ साली खुलं झालेलं, जमावाने ठार केलेल्या कृष्णवर्णीयांचं स्मारकही या संस्थेने इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह या न्यायहक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेबरोबर घडवलं. त्यात टांगलेले ८०० हून अधिक पोलादी स्तंभ आहेत, एकेका परगण्याच्या नावाचे. आरोग्यापासून ते दूरचं वाटतं खरं. पण बांधण्याची क्रिया समाजाची जखम भरू शकते, हे या लोकांनी निझेये यांच्या हजेरीपटावर पाहिलेलं होतं.

२०२० साली कोविड आला आणि खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते, हा प्रश्न जगातल्या प्रत्येक शाळेला, कचेरीला, रुग्णालयाला पडला. बुटारोत तो बारा वर्षं आधी विचारला गेला होता.

डॉ. फार्मर २१ फेब्रुवारी २०२२ रोजी झोपेत गेले, वयाच्या ६२ व्या वर्षी. तेव्हा ते बुटारोतच होते. तिथे आता वैद्यकीय शिक्षण देणारं विद्यापीठ आहे. ते विद्यार्थ्यांना शिकवायला आले होते. शेवटचे काही आठवडे ते त्याच दगडी भिंतींच्या रुग्णालयात, खिडकीकडे तोंड करून निजलेल्या रुग्णांच्या खाटांपाशी जाऊन त्यांना तपासत होते.